पंचवीस टाचण्यांची गादी

रात्री साडेआठला शटर ओढायच्या आधी काकू टाचण्या मोजतात. त्यासाठी त्यांना बोटं लागत नाहीत. हिरव्या खणाच्या चौकोनी गादीवर पाच रांगा आहेत, रांगेत पाच टाचण्या, आणि प्रत्येक टाचणीची जागा पांढऱ्या दोऱ्याच्या एकेका टाक्याने ठरवून दिलेली. एकदा नजर फिरवली की झालं. एखादी जागा रिकामी दिसली तर मात्र दिवा बंद होत नाही. दिवसभरात शिवलेले ब्लाउज पुन्हा उलटे होतात, अस्तरं चाचपली जातात, चिंध्यांची पिशवी पालथी केली जाते आणि शिकाऊ मुली घड्याळाकडे बघत फरशीवरून लोहचुंबक फिरवतात. मुलींना हा जाच वाटतो. एकीने एकदा विचारलंही, "काकू, अख्खं पाकीट मिळतं थोड्याशा पैशांत. एका टाचणीसाठी एवढं?" काकू मान वर न करता म्हणाल्या, "अगं, आपल्याला नाही सापडली तर दुसऱ्या कुणाला तरी सापडेलच की."

पुण्यात नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याची रस्त्याकडची खोली म्हणजे काकूंचं दुकान. ब्लाउज, फॉल-पिको, कधी एखादी गोधडी, आणि बाळंतविड्याचे कपडे. झबली, टोपडी, दुपटी यांसाठी लोक लांबून येतात. खोलीत पायमशीन दोन आणि मोटरवालं एक. भिंतीवरच्या काचेच्या कपाटात मात्र कापड नाही की रिळं नाहीत. तिथे चाळीसेक पिनकुशनं आहेत. काकू त्यांना 'गाद्या' म्हणतात. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, छंद असेल. छंद आहेच, पण तो हौसेतून लागलेला नाही.

गोष्ट 2004 सालची. एका बाळंतविड्यात दोन झबली, टोपडं आणि आजीच्या जुन्या सुती लुगड्याचं दुपटं शिवायचं होतं. लुगड्याचे चार थर घालून काकूंनी कडेने टाचण्या लावल्या आणि मधून धावदोरा घातला. काम संध्याकाळी घाईत संपलं. टाचण्या काढल्या, दुपट्याची घडी केली, दिलं. तिसऱ्या दिवशी बाळाच्या आजी आल्या. दुपट्याची घडी करताना त्यांच्या तळहाताला काहीतरी टोचलं होतं. थरांच्या मध्ये एक टाचणी आडवी शिवली गेली होती, वरून दिसेल अशी नव्हतीच. बाळाला काही झालं नव्हतं. आजींनी ती टाचणी एका कागदाच्या तुकड्यात खुपसून आणली होती. तो कागद त्यांनी मशीनवर ठेवला, शिलाईचे राहिलेले पैसे मोजून दिले आणि गेल्या. एक शब्दही वर बोलल्या नाहीत. त्या घरातून नंतर कधी काही शिवायला आलं नाही.

काकूंना जास्त लागलं ते वेगळ्याच कारणाने. ही चूक कशी टाळायची हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

लग्नाआधी, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, त्या मुंबईत एका एक्सपोर्ट युनिटात मशीनवर होत्या. तिथला माल जपानलाही जायचा. जपानमध्ये सदोष मालाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरणारा कायदा जुलै 1995 पासून लागू झाला होता, आणि कपड्यात सुईचा तुकडा राहणं ही तिथल्या खरेदीदारांच्या लेखी न चालणारी गोष्ट. युनिटात नियम असा की, मशीनची सुई मोडली तर कारागिराने हात उचलायचा, मशीन थांबवायचं, तुकडे गोळा करायचे. टोक, दांडा, नेढं, सगळं जुळवून पूर्ण सुई झाली तरच नवी मिळणार. जुने तुकडे रजिस्टरमध्ये पारदर्शक टेपने चिकटवायचे, शेजारी तारीख, वेळ, मशीन नंबर, सही. तुकडा सापडला नाही तर आसपासचा सगळा माल बाजूला काढून सुई शोधणाऱ्या यंत्राखालून जायचा. शेवटी पेटीबंद होण्याआधी प्रत्येक नग त्या यंत्रातून जायचाच. हाताने लावायच्या टाचण्यांवर तर जवळपास बंदी होती. ही शिस्त जगभरच्या चांगल्या कपडा कारखान्यांत आजही आहे. तीन वर्षं काकूंनी ते रजिस्टर भरलं, आणि स्वतःचं दुकान घातल्यावर टाचण्या ठेवल्या कशात, तर साबणाच्या वडीच्या प्लास्टिकच्या डबीत. डबीत किती आहेत हे कोण सांगणार?

दुपट्याचा तो प्रकार झाल्यावर त्यांनी पहिली गादी शिवली ती मोजता येईल अशी. पाच गुणिले पाच. पंचविसावर सव्विसावी टाचणी दुकानात नाही. लागलीच तर तेवढं काम धावदोऱ्याने कच्चं घालायचं.

कच्चा धावदोरा काही त्यांना नवा नव्हता. आई बार्शीकडची. तिच्या हाताखाली त्या वाकळ शिवायला शिकल्या, त्यात टाचणी हा प्रकारच नव्हता. अंगणात जुनी लुगडी अंथरायची, सुरकुती हाताने काढायची, कोपऱ्यांवर वरवंटा, लोखंडी माप, जे जड असेल ते ठेवायचं आणि कडेने टाके घालत चौघींनी चार बाजूंनी आत सरकायचं. सुई एकेकीची एकच. काम थांबलं की ती रिळात खुपसून दोरा वर गुंडाळायचा, नाहीतर पदराच्या काठात. घरातल्या सुईची ठरलेली जागा म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. त्याच्या वरच्या पुठ्ठ्यात दोरा ओवलेली सुई लोंबकळत असे, आणि वर्ष बदललं की ती नव्या कॅलेंडरवर जाई. दिवेलागणीनंतर सुई कुणाला द्यायची नाही की कुणाकडे मागायची नाही, हा दंडक. लक्ष्मी जाते असं सांगायचे. रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात सुई हातून पडली तर सापडणार कशी, हे न सांगताही लक्ष्मीने काम केलं होतं. बायका मंगळसूत्राला आणि बांगड्यांना सेफ्टी पिना अडकवतात, तीही एक फिरती गादीच म्हणायची.

पहिली गादी शिवली आणि पहिल्याच पावसाळ्यात ती फसली. आत भरला होता सरकी काढलेला स्वच्छ कापूस. जुलै संपेपर्यंत टाचण्यांचे गादीत रुतलेले भाग तांबूस झाले. वरचा भाग चकचकीत आणि आतला गंजलेला, म्हणजे दिसायला काहीच कळेना. कळलं ते एका पैठणीच्या ब्लाउजपीसवर दोन तपकिरी ठिपके उमटले तेव्हा. गंजाचा डाग रेशमावरून सहजी जात नाही. कापूस हवेतली ओल धरतो, शिवाय तो मऊ असल्याने बारीक सुया नेढ्यासकट आत बुडतात. उशीला चांगला असलेला कापूस गादीला वाईट, हे काकूंचं पहिलं ज्ञान.

मग सुरू झाले प्रयोग. तांदूळ भरले, त्यात पोरकिडे झाले. नदीची वाळू धुऊन, तव्यावर भाजून भरली. गादी जड, टेबलावरून हलेना, टोकं स्वच्छ राहत, पण शिवण जरा उसवली की वाळू मशीनच्या शटलमध्ये. वखारीतला लाकडाचा भुसा बरा निघाला, तो गच्च बसतो आणि टाचणी हलत नाही. जुन्या इंग्रजी गाद्यांमध्येही भुसाच असे. अक्रोडाची टरफलं खलबत्त्यात कुटून केलेला चुरा तर उत्तम. तो जड असतो, सुई त्यात सहज जाते. फक्त कुटताना अख्खी आळी गोळा होते.

एका वयस्क शिंप्याने वेगळंच सांगितलं. हातशिलाई करताना सुई अडायला लागली की जुने शिंपी ती डोक्याच्या केसांतून एकदा फिरवून घेतात. खोबरेल तेलाचा किंचित अंश सुईला लागतो आणि ती लोण्यासारखी चालते. मग केसच भरले तर? काकूंनी घरातल्या बायकांचा गुंतवळ सहा महिने साठवला. लंडन-पॅरिसच्या बायकाही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच करत. आरशापुढे झाकणाला भोक असलेलं चिनी मातीचं भांडं ठेवलेलं असे, विंचरून निघालेले केस त्या भोकातून आत टाकायचे, आणि ते अंबाड्याच्या आधाराला नाहीतर पिनकुशनला कामी यायचे. काकूंची केसांची गादी कामाला सगळ्यांत चांगली ठरली. सुया गंजेनात, चालायलाही सुळसुळीत. पण एका गिऱ्हाइकाला आत काय आहे ते कळलं आणि तिचा चेहरा पडला. आपल्याकडे गुंतवळ भांडीवालीला देतात, नाहीतर कुणाच्या हाती लागू नये म्हणून गुंडाळून टाकतात. करणी-भानामतीची भीती पेठांमधूनही अजून पुरती गेलेली नाही. ती गादी कपाटात मागे गेली.

शेवटी उत्तर मिळालं सोलापूर रस्त्याच्या कडेला. मेंढ्या घेऊन उतरलेल्या धनगरांकडून काकूंनी न धुतलेली लोकर मागून घेतली. घोंगडीची लोकर पिंजून, सूत काढून, चिंचोक्याची खळ लागेपर्यंत तिचा अंगचा स्निग्धपणा निघून गेलेला असतो. कच्च्या लोकरीत तो असतो. मेंढीच्या कातडीतून येणारं ते मेण सुईवर पातळ थर धरतं आणि गंज लांब ठेवतं. वास येतो, नाही असं नाही. काकूंनी लोकर कोमट पाण्यात साबण न लावता नुसती बुचकळून सावलीत वाळवली. दोन आठवड्यांत वास ओसरला. आजची हिरव्या खणाची पंचवीस टाचण्यांची गादी याच लोकरीची आहे, आणि पावसाळ्यात तिच्यातली एकही टाचणी तांबडी होत नाही.

गिऱ्हाइकं हे सगळं बघत होतीच. कुणाची मुलगी अमेरिकेत, कुणाचा जावई जपानात. परत येताना काकूंसाठी एक गादी आणायची, असा रिवाज पडला. पहिली आली ती अर्थातच लाल टोमॅटो. पाश्चिमात्य शिवणपेटीत टोमॅटोची गादी इतकी ठरलेली की टोमॅटोच का, याची एक कथाही सांगतात: नव्या घरात टोमॅटो ठेवला की शुभ, आणि टोमॅटोचा हंगाम नसेल तर लाल कापडाचा, आत भुसा भरलेला. कथा गोड आहे. तिच्यावर किती भरवसा ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. काकूंचं लक्ष मात्र टोमॅटोवर नव्हतंच, त्याला दोरीने लटकणाऱ्या इवल्याशा स्ट्रॉबेरीवर होतं. ती दाबली की कचकच वाजे. मुलींना वाटलं, शोभेला आहे. काकूंनी गंजकी सुई तिच्यात आठ-दहा वेळा खुपसली आणि ती लखलखीत बाहेर आली. आत एमरीची पूड असते. एमरी म्हणजे कुरुंद आणि लोहखनिज यांचं नैसर्गिक मिश्रण. आणि इंग्रजीत या खनिजाला जे नाव आहे, 'कोरंडम', ते मुळात आपल्याच देशातलं. तमिळ आणि संस्कृतातून तिकडे गेलेलं. सहाणेवर कात्र्या-सुऱ्यांना धार लावत गल्लोगल्ली फिरणाऱ्यांचा कुरुंद न्यूयॉर्कच्या शिवणपेटीतून स्ट्रॉबेरी होऊन परत आला, याचं काकूंना भारी कौतुक. ती स्ट्रॉबेरी आता टोमॅटोपासून तोडून मशीनच्या खिळ्याला टांगली आहे. टोमॅटो कपाटात.

मुंबईच्या चोरबाजारात एकदा विक्रेत्याने कमरेखाली नसलेली चिनी मातीची बाहुली "तुटलेली आहे ताई, घ्या कमी-जास्त करून" म्हणत पुढे केली. बाहुलीच्या कमरेशी चार भोकं होती. काकूंनी घासाघीस न करता घेतली. ती तुटलेली नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कारखान्यांतून अशा अर्ध्या बाहुल्या हजारोंनी निघत. भोकांतून टाके घालून तिला कापडी घेराचा घागरा जोडायचा, तोच घागरा म्हणजे गादी. काकूंनी तिला इरकलीचा घोळ शिवला. खाली इरकल आणि वर जर्मन गोरेपणा, हे ध्यान बघायला बायका मुद्दाम आत येतात. टाचणी मात्र तिला कधी टोचली जात नाही. घोळ मऊ, बुड हलकं, हात लागला की बाहुली कलंडते.

संग्रहातल्या बऱ्याच देखण्या गाद्यांची हीच गत. नायगाराहून आलेली मण्यांची गादी डोळ्यांत भरते. तिथल्या मूळनिवासी हौडेनोसॉनी बायका एकोणिसाव्या शतकात धबधबा बघायला येणाऱ्यांना अशा विकत आणि त्यावर घरं चालत. पण मण्यांनी ती इतकी भरलेली की टाचणीला जागाच नाही. चुंबकाच्या गादीवर काकूंचा विशेष राग. सांडलेल्या टाचण्या एका झटक्यात उचलते खरी, पण तिच्यावरच्या टाचण्या झुंडीने बसतात, मोजता येत नाहीत, आणि हळूहळू स्वतःच चुंबक होऊन एकमेकींना चिकटतात. एक उचलली की तीन येतात. दुपट्यात राहते ती तिसरी. फरशी झाडायला चुंबक, ठेवायला गादी, असा त्यांचा निवाडा आहे. मनगटी गादी मात्र त्या स्वतः करतात: बरणीचं प्लास्टिकचं झाकण तळाशी, वर लोकर, खाली इलॅस्टिक. झाकण नसेल तर टाचणी सरळ नसेत. बाजारातल्या स्वस्त मनगटी गाद्यांना बहुधा झाकण नसतं.

पुण्यातच राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, फण्या, दौती अशा रोजच्या वस्तू कवी 'अज्ञातवासी' म्हणजे दिनकर केळकरांनी आयुष्यभर फिरून जमवलेल्या आहेत. वापरलेली वस्तू आणि नुसती शोभेची यांतला फरक दाखवायला काकू तिथे मुलींना घेऊन जातात. अडकित्त्यांसमोर उभं राहून त्या विचारतात, "यातला सुपारी कातरून थकलेला कुठला, सांगा बघू?" पाती झिजलेला अडकित्ता मुली आता लांबूनच ओळखतात.

एका गिऱ्हाइकाने मोबाइलवर एक फोटो दाखवला आणि काकूंना खुर्चीत बसावं लागलं. पांढरी साटीनची गादी, तिच्यावर शेकडो टाचण्या नक्षीत टोचलेल्या, आणि त्यांच्या माथ्यांनी इंग्रजी अक्षरं तयार झालेली: बाळाचं स्वागत असो, अशा अर्थाची. इंग्लंडमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बाळंतिणीला अशी गादी भेट देत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्या आहेत. म्हणजे बाळंतविड्यातच टाचण्या! तेव्हा बाळाची लंगोटी नि दुपटी टाचण्यांनीच अडकवत, म्हणून ती कामाची भेट.   गादी मात्र बाळंतपणाआधी द्यायची नाही. आधी दिली तर जितक्या टाचण्या तितक्या कळा, अशी समजूत. पुढे 1849 मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने सेफ्टी पिनेचं पेटंट घेतलं, ते चारशे डॉलरला विकून मोकळा झाला, आणि टोक झाकलेली पिन आल्यावर ही भेट मागे पडली.

काकू बराच वेळ तो फोटो बघत होत्या. आपल्याकडेही बाळाच्या उशाखाली लोखंडाचं काहीतरी ठेवतात, पाचवीला विळा पूजतात. पण विळा दिसतो, त्या म्हणाल्या.

गेल्या वर्षी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या शिंप्याने दुकान बंद केलं आणि त्याची गादी काकूंकडे आणून दिली. जाजमाच्या कापडाची, तेलकट, नारळाएवढी. आत किती सुया असतील? मुलींनी पैजा लावल्या. जास्तीत जास्त अंदाज वीसचा. काकूंनी फरशीवर जाड चादर अंथरली, शिवण उसवली आणि भुसा परातीत ओतून वर चुंबक फिरवला. एकशे बारा निघाल्या. हातसुया, मशीनच्या सोळा नंबरच्या मोडक्या, दोन दाभणं, एक ग्रामोफोनची पिन. शिंपी शेजारी बसून बघत होता. एवढी वर्षं सुया हरवल्या म्हणून पोरांना ओरडत होतो, म्हणाला.

जपानात दर वर्षी 8 फेब्रुवारीला, काही भागांत 8 डिसेंबरला, मोडक्या सुया देवळात नेऊन मऊ टोफूत टोचतात. आयुष्यभर जाड कापडात शिरलेल्या सुईला शेवटी मऊ जागा, असा भाव. टोकियोहून एका गिऱ्हाइकाच्या लेकीने सेन्सोजी मंदिरातला फोटो पाठवला होता. पांढऱ्या वडीवर रंगीत माथ्यांच्या टाचण्या दाट उगवल्यासारख्या दिसत होत्या. खंडेनवमीला काकू मशीन, कात्री आणि टेप यांच्या शेजारी पंचवीसची गादी मांडून हळदकुंकू वाहतात. मोडक्या सुयांसाठी टोफू नाही. त्या होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या काचेच्या बाटलीत जमतात, बाटली भरली की बूच लावून, वर 'सुया' असं ठळक लिहून, कचरा घेणाऱ्या बाईंच्या हातात वेगळी दिली जाते. ओल्या कचऱ्यात टाकलेली सुई सापडते ती त्यांच्याच बोटाला.

तुमच्या घरी आजीची जुनी गादी असेल तर ती टाकू नका, पण मुलांच्या हातीही देऊ नका. खाली जाड कापड अंथरा, चुंबक जवळ ठेवा, शिवण सावकाश उसवा. निघतील तेवढ्या सुया मोजून कागदावर आकडा लिहा आणि मग भुसा दोनदा चाळा. दुसऱ्या चाळणीत काकूंना त्या शिंप्याच्या गादीतल्या आणखी सहा मिळाल्या होत्या.